फोटो तपासणाऱ्यांचं खासगी टपाल

राजेंद्रनगर, इंदूर
२२ जानेवारी २०२४

चि. निशांत,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तुझा कान धरते. उर्वीच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली, सगळे ओळीत उभे राहिले, आणि तू आणि मी एकदमच ओरडलो, "ती पाण्याची बाटली काढा, लोगो दिसतोय!" नवरीसकट सगळे आपल्याकडे बघत राहिले. लग्नाच्या फोटोत बाटलीवरचा लोगो कुणाला खुपतो रे? फक्त जो दिवसभर असले लोगो शोधत बसतो त्यालाच. पंगतीत मी तुझ्याकडे रोखून पाहिलं तेव्हा तू मान खाली घालून तिसरी जिलबी घेतलीस. तेव्हाच समजले, बहिणीचा मुलगा माझ्याच धंद्यात आहे.

तर आता उघडच बोलू. लोक कुठून कुठून फोटो पाठवतात, कंपनी ते जाहिरातवाल्यांना, पुस्तकवाल्यांना विकते, आणि त्याआधी कुणीतरी घरी बसून एकेक फोटो पास की नापास ठरवतं. गेल्या वर्षीपासून ते कुणीतरी मी आहे. मराठी-हिंदी विभाग सुरू झाला आणि त्यांना भाषा जाणणारी, बारकाईने बघणारी माणसं हवी होती. एकतीस वर्षं गणिताचे पेपर तपासले, आता फोटो तपासते. तुझे काका समजतात की मी ऑनलाइन पेपरच तपासते. करारच तसा आहे, घरातही सांगायचं नाही.

पत्र का लिहिते आहे तेही सांगते. कराराचं सातवं कलम म्हणतं, परीक्षकांनी कामाबद्दल आपसात फोन, ईमेल, मेसेज किंवा समाजमाध्यमांवरून बोलू नये. टपाल हा शब्द त्यात नाही. मी चष्मा लावून दोनदा बघितलं.

आता प्रश्न. इंदूरचा माणूस पोह्यांचा फोटो पाठवतो तेव्हा वर शेव असते, जिरावण मसाला असतो आणि शेजारी जिलबी असते. मी पास करते. परवा एकाने तसाच फोटो पाठवून खाली रागाने लिहिलं होतं, "मागच्या वेळी दुसऱ्या परीक्षकाने जिलबी ही अनावश्यक वस्तू आहे असं म्हणून परत केला." कोण रे हा दुसरा परीक्षक? बोर्डाचे पेपर तपासायला बसायचो तेव्हा पहिल्या दिवशी सगळे तपासनीस एका हॉलमध्ये बसायचे, नमुना उत्तरावर वाद घालायचे, चहा प्यायचे, आणि मगच लाल पेन उघडायचे. इथे प्रत्येक जण आपापल्या कोठडीत. मला विचारशील तर आपण एकमेकांना विचारत जावं. तुझं मत कळव. काका दुसऱ्याचं पाकीट फोडत नाहीत, तेव्हा घरच्या पत्त्यावरच लिही.

तुझी
वसुंधरामावशी


सांगली
३ फेब्रुवारी २०२४

ती. मावशी,

नमस्कार, आणि तो दुसरा परीक्षक मीच. पोह्यांशेजारी जिलबी बघून मला वाटलं चुकून कुणाच्या तरी ताटातली आत आली आहे. सांगलीत असं केलं तर आई ताट उचलून नेईल.

पण मावशी, तुझा बेत मला पसंत नाही. आपण बोलू नये. सातव्या कलमाची भीती आहेच, पण खरं कारण दुसरं आहे. समज एखादा फोटो विचित्र आहे, पण चांगला आहे. मला नाही आवडला, मी परत केला. त्याने पुन्हा पाठवला, तो तुझ्याकडे आला, तुला आवडला. त्याचं भलं झालं. आपण दोघांनी आधीच ठरवून टाकलं असतं तर त्याला दोन्ही दारं बंद. परीक्षक एकमेकांना विचारायला लागले की सगळ्यांचे डोळे सारखे होतात. तुमच्या हॉलमध्ये गणित होतं, त्याला एकच उत्तर असतं. इथे तसं नाही. तेव्हा या विषयावर माझ्याकडून एक अक्षरही मिळणार नाही.

ताजा कलम: कमी उजेडातल्या फोटोत दाणे, म्हणजे रवाळ ठिपके, दिसले म्हणून लगेच नापास करू नकोस, आधी सावलीचा भाग बघ. धान्य, मसाले यांच्या फोटोत फोकस पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर असला तरी चालतो. आणि खोकी, पोती यांच्यावरची छापील नावं नीट वाच, तिथे फार जण फसतात. हे मी सांगितलेलं नाही.

तुझा
निशांत


इंदूर
१२ फेब्रुवारी २०२४

निशांत बेटा,

खुशाल असशील. मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी गडबड आहे असं तुला वाटेल, तर आहेच. फोनवर बोललो तर तुझी मावशी दुसऱ्या खोलीतून ऐकते. तिचे कान म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारे.

वीज मंडळातून निवृत्त झालो तेव्हा ऑफिसच्या लोकांनी कॅमेरा दिला होता, आठवतो? दोन वर्षं तो कपाटात होता. आता रोज सकाळी फिरायला जातो असं सांगून त्याला घेऊन निघतो. कधी सियागंजात, दुकानांची शटरं उघडायच्या आधी, हातगाड्या ओळीने उभ्या असतात तेव्हा. कधी बसने देपालपूरला, मंडीत गव्हाच्या राशी बघायला. एक वेबसाइट आहे, तिथे फोटो पाठवायचे, ते तपासतात आणि लावतात. मी सत्तावीस पाठवले. सत्तावीसच्या सत्तावीस परत. कारण प्रत्येक वेळी दोन शब्दांत: क्षितिज तिरकं. निकाल बहुतेक शुक्रवारीच येतो आणि माझा शुक्रवार खराब होतो.

तुला खरं सांगू? पैशाचं काही नाही. आयुष्यभर लोकांच्या मीटरचे आकडे लिहिले. एकदा तरी कुणी अनोळखी माणसाने म्हणावं की शरदचंद्र, तू बघितलंस ते बघण्यासारखं होतं. पाडव्यापर्यंत थांबतो. तोवर एकही पास झाला नाही तर कॅमेरा देऊन टाकणार. घरात ठेवला तर रोज दिसेल.

तुझं फोटोचं काहीतरी काम आहे असं तुझी आई म्हणत होती. काही सुचलं तर सांग. उत्तर कॉलनीच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. मावशीला कळता कामा नये, ती माझ्या चुका मोजायला बसेल.

तुझा
शरदकाका


राजेंद्रनगर, इंदूर
२० फेब्रुवारी २०२४

चि. निशांत,

एक अक्षरही सांगणार नाही म्हणालास आणि पाठोपाठ अर्धं पान भरलंस. शाबास. सावलीचं लक्षात ठेवलं, सहा फोटो नापास होण्यापासून वाचले.

तुझा मुद्दा मला दोन दिवस टोचत होता, हे कबूल करते. पण बेटा, आम्ही हॉलमध्ये मुलांच्या गुणांवर नव्हतो बोलत. तपासायचं कसं यावर बोलायचो. दोन्हीत फरक आहे. शिकवणी घ्यावी, पेपर फोडू नये, एवढं सरळ आहे हे.

आता एक नमुना सांगते, नाव अर्थातच माहीत नाही, आपल्याला फक्त नंबर दिसतो. एक इंदूरचाच कुणी आहे. आठवड्याला न चुकता फोटो पाठवतो आणि न चुकता तिरका पाठवतो. सियागंजातल्या हातगाड्या, तिरक्या. देपालपूरच्या मंडीतल्या गव्हाच्या राशी, तिरक्या. सगळा माळवा एका बाजूला कलंडलाय जणू. मी यादीतलं कारण निवडते, बटण दाबते, पुढचा. आपली पद्धत तुला ठाऊकच आहे, फोटो शंभर टक्के मोठा करायचा आणि कोपऱ्याकोपऱ्याने बघायचा. अख्खं चित्र बघायला वेळ कुणाला आहे?

पण माझं लक्ष सध्या कामात नाही. तुझ्या काकांची मला काळजी वाटते. सकाळी फिरायला म्हणून जातात ते कधी कधी दुपारी बाराला परत येतात, बुटांवर धूळ. फोन उलटा ठेवतात. आणि दर शुक्रवारी जेवणात मीठ कमी आहे की जास्त तेही सांगत नाहीत. मला वाटतं हृदयाचं काही निघालंय आणि माझ्यापासून लपवून कुठल्यातरी दवाखान्यात जातात. पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ओढून नेणार. तू त्यांच्याशी बोलून बघशील? तुझ्याशी ते मोकळे असतात.

तुझी
वसुंधरामावशी


सांगली
२७ फेब्रुवारी २०२४

ती. काका,

पाडव्यापर्यंत पाठवत राहा. कॅमेरा कुणाला देऊ नका. का, ते मला विचारू नका, मी सांगू शकत नाही, आणि मी सांगू शकत नाही हेही कुणाला सांगू नका. मावशी तुम्हाला डॉक्टरांकडे नेईल. मुकाट्याने जा, ईसीजी काढून घ्या, तिचा जीव भांड्यात पडू दे.

तुमचा
निशांत


सांगली
२७ फेब्रुवारी २०२४

ती. मावशी,

काकांचं हृदय ठणठणीत आहे, याची मी खात्री देतो. तरी नेच.

तुझं पत्र आल्यापासून मी धड जेवलेलो नाही. कारण विचारू नकोस. एका बाजूला एक गोष्ट मला माहीत आहे, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मधे मी अडकित्त्यातल्या सुपारीसारखा. एक कबुली मात्र देतो, म्हणजे निदान तेवढं ओझं उतरेल. परीक्षकांनी बोलू नये असा मोठा उपदेश मी तुला केला ना? मी तीन वर्षं पाच परीक्षकांच्या एका खासगी गटात आहे. गट मीच काढला. पहिल्या महिन्यात मी इतके चुकीचे फोटो पास केले होते की नोकरी गेलीच असती, त्या चौघांनी मला शिकवलं. तुला नाही म्हणालो ते घाबरून. चौघांपैकी कुणी नातेवाईक नाही, तू आहेस.

गटाचे दोनच नियम आहेत. कुणी कुणाला फोटो दाखवायचा नाही. कुणी कुणाला पाठवणाऱ्याचा नंबर सांगायचा नाही. बाकी काय वाटेल ते विचारा. तू म्हणतेस तेच, शिकवणी आणि पेपर. तुझं वाक्य मी परवा गटात माझं म्हणून खपवलं.

त्या नियमात बसेल असा एकच सल्ला देतो. यादीतलं कारण निवडून झालं की खाली एक रिकामा चौकोन असतो. तो कुणी भरत नाही. तू भर. सगळ्यांसाठी भर, कुणा एकासाठी नाही. इतकी वर्षं वहीच्या कडेला लाल पेनाने जे लिहायचीस, तसं काही. आणि पास-नापास जे करायचं ते तुझ्याच मनाने कर. मी यापुढे त्याबद्दल खरोखरच बोलणार नाही.

तुझा
निशांत


इंदूर
२० मार्च २०२४

निशांत बेटा,

क्या बात है! नापास झालो, बत्तीसावा, आणि मी पेढे आणले.

सांगतो. सियागंजातल्या हातगाड्यांचा फोटो पुन्हा काढून पाठवला होता. शुक्रवारी परत आला. पण या वेळी खाली कारणाबरोबर चार ओळी होत्या. जशाच्या तशा उतरवतो: "उभं राहायची जागा चुकली आहे, नजर चुकलेली नाही. दोन पावलं मागे या, पाय रोवा, श्वास सोडा, मग बटण दाबा. घाई कसली आहे? पुन्हा पाठवा."

नजर चुकलेली नाही! मी ते वाचनालयात बसून सात वेळा वाचलं. हे जे कोण परीक्षक सर आहेत ना, भिया, मोठा माणूस आहे. ओळख ना पाळख, आणि पाय रोवा म्हणतात. छत्तीस वर्षांच्या संसारात तुझी मावशी माझ्या नजरेबद्दल एकदाच बोलली आहे, तेही चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा.

मग मला राहवलं नाही. घरी आलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. कॅमेरा, देपालपूर, एकतीस नापास, सगळं. आणि सरांच्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. ती ओट्याशी उभी होती. तिच्यासमोर दूध उतू गेलं आणि ती बघत राहिली. छत्तीस वर्षांत हे झालेलं नाही. डॉक्टरांनी माझं हृदय तपासलं ते ठीक आहे, आता हिचं तपासून घ्यावं का?

तुझा
शरदकाका


राजेंद्रनगर, इंदूर
२२ मार्च २०२४

निशांत,

तुला माहीत होतं. नालायका, तुला सगळं माहीत होतं.

मी लिहिलेलं वाक्य माझ्याच स्वयंपाकघरात त्यांच्या तोंडून ऐकलं. ते हातात फोन धरून वाचत होते, आणि "सर काय म्हणतात बघ" असं दर ओळीला म्हणत होते. एकतीस वेळा मी या माणसाला दोन शब्दांत हाकललं. सकाळी बटण दाबायचं आणि दुपारी त्यांना विचारायचं, आज तोंड का पाडलंय? मला रडू आलं. दुधाचं निमित्त झालं म्हणून बरं, ओटा पुसत पुसत रडून घेतलं.

आणि गव्हाच्या राशी, सियागंज, बुटांवरची धूळ, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. दोन्हीकडे मीच बघत होते. कोपरे बघत होते.

आता सांग, काय करू? पुढचा फोटो माझ्याकडेच आला तर? मनात आलं, एक पास करून टाकावा, कुणाला कळणार आहे? शाळेत पस्तिसाला दोन कमी पडले की आम्ही ग्रेस द्यायचोच. पण त्यांना ग्रेस दिली तर त्यांच्या त्या सरांना मीच खोटं पाडलं असं होईल. करारामुळे त्यांना काही सांगताही येत नाही.

मावशी


सांगली
२८ मार्च २०२४

ती. मावशी,

शिव्या पोचल्या, सगळ्या लागू आहेत. काकांनी वचन घेतलं होतं आणि तू करारात होतीस, मी कुठे तोंड उघडणार? अजून एक सांगतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. पाडव्यापर्यंत एकही फोटो पास झाला नाही तर कॅमेरा देऊन टाकायचं काकांनी ठरवलंय.

तरीही ग्रेस देऊ नकोस. कंपनीला कळव की अमुक नंबरचा माणूस नात्यातला आहे, त्याचे फोटो माझ्याकडे नकोत. असं कळवायची सोय आहे, नोकरीला धक्का लागत नाही. मी विचारून घेतलं. गटात. नाव-नंबर न सांगता.

निशांत


राजेंद्रनगर, इंदूर
८ एप्रिल २०२४

चि. निशांत,

कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, शुक्रवारपासून तो नंबर तुमच्याकडे येणार नाही. आणि त्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मी खोलीत कामाला बसले होते, काका बाहेर ओसरीत पेपर वाचत होते, तेव्हा त्या नंबरचा फोटो माझ्या पुढ्यात आला.

सवयीने शंभर टक्के मोठा केला. वरचा कोपरा, खिडकीचा गज. सरळ. दुसरा कोपरा, भिंत. सरळ. खालचा कोपरा, लाकडी टेबल, कडा अगदी सरळ. मनात म्हटलं, पाय रोवले वाटतं. मग काय झालं कोण जाणे, वर्षभरात पहिल्यांदा मी फोटो लहान केला आणि अख्खा बघितला.

खिडकीपाशी एक बाई संगणकासमोर बसली आहे. चष्मा कपाळावर, एक बोट हनुवटीवर, भुवया जवळ आलेल्या, समोरच्या पडद्यावर जीव लावून बघते आहे. केस पिकलेत. उजेड डावीकडून येतो आहे. मी होते रे ती. मला ठाऊकच नव्हतं मी काम करताना अशी दिसते. मी देखणी आहे असं मला कधी कुणी सांगितलं नाही, फोटोनेही नाही सांगितलं, पण त्या बाईकडे कुणीतरी फार वेळ उभं राहून बघितलं होतं, हे दिसत होतं.

शेवटी मथळा वाचला. "फोटो तपासणाऱ्या बाई, इंदूर." आणि खाली कीवर्ड: स्त्री, खिडकी, संगणक, शिक्षिका, पत्नी, शिस्त, न्यायी, निर्दय.

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. दूध उतू गेलं तेव्हाच.

आता बघ, फोटोत ओळखू येईल असा माणूस असेल तर त्याचं सहीचं संमतिपत्र लागतं. ते जोडलेलं नव्हतं. पहिल्या दिवशीचा परीक्षकही हा फोटो परत करेल. मी परत केला, आणि चौकोनात लिहिलं, "फोटो उत्तम. बाईंची सही नाही. बाईंना विचारा." बटण दाबलं. ओसरीत त्यांचा फोन वाजला. खुर्ची सरकली. आणि हे दारात उभे, हातात छापून आणलेलं संमतिपत्र आणि पेन. आधीपासून खिशात होतं म्हणे.

"सर म्हणतात, बाईंना विचारा," ते म्हणाले. "तो पूछ रहा हूँ."

"सर कशावरून?" मी विचारलं. "बाई असतील."

"बाई असत्या तर चार ओळींत थांबल्या असत्या का?"

करार मी मोडला नाही, निशांत. मी एक शब्दही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. मी सही केली, तारीख घातली. एवढंच म्हटलं की कीवर्डमधला शेवटचा शब्द काढा. तर म्हणाले, "राहू दे. एकतीस वेळा सिद्ध झालेलं आहे."

शुक्रवार उजाडल्यावर त्यांनी फोटो पुन्हा पाठवला. आता तो माझ्याकडे येणार नव्हता. तो कुणाकडे गेला मला माहीत नाही. काल निकाल आला, आणि पाडवा उद्यावर. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

नापास.

मी धावत ओसरीत गेले. मला वाटलं आता कॅमेरा गेला. तर हे फोन माझ्यापुढे धरून इतके हसत होते की चष्मा नाकावरून घसरला. कारणाखालच्या चौकोनात कुणीतरी लिहिलं होतं, "फोटो निर्दोष आहे. एक कीवर्ड चित्राशी जुळत नाही. या बाई निर्दय दिसत नाहीत. तो शब्द काढून पुन्हा पाठवा, लगेच पास होईल."

त्यांनी तो शब्द काढला, पण पाठवायला संध्याकाळ केली. आधी शेजारच्या अमिताताईंना बोलावून तो शेरा वाचून दाखवला, मग वाचनालयात जाऊन आले. पासचा निकाल येईल तेव्हा येईल. उद्या सकाळी मला देपालपूरच्या बसमध्ये बसायचं आहे, राशींचा फोटो कुठे उभं राहून काढावा हे बघायला. कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली आहे.

तो चौकोन भरणारा परीक्षक तू होतास की आणखी कुणी, हे मला कधीही सांगू नकोस. ते कुणी अनोळखी माणूस असू दे. छत्तीस वर्षांनी कुणी अनोळखी माणसाने मला निर्दय नाही असं म्हटलंय, आणि ते मला खरं वाटायला हवं आहे.

तुझी
वसुंधरामावशी